फोटोत निरोप लपवायचा तर आधी फोटो निवडायला शिका

मंडळी, एवढ्या पावसात, लोकलचा गोंधळ असताना दादरपर्यंत आलात, त्यामुळे प्रस्तावना वगैरे नको, थेट सुरू करतो.

लहानपणी आपण सगळेच चची भाषा बोललोय ना? चाळीच्या गॅलरीत आम्ही पोरं बोलायला लागलो की मोठ्यांना त्यातलं अक्षर कळायचं नाही, पण यांचं काहीतरी शिजतंय हे मात्र लगेच कळायचं. एन्क्रिप्शन म्हणजे तेच, पेटीला कुलूप आहे, पण पेटी सगळ्यांना दिसते. आजचा विषय आहे स्टेगॅनोग्राफी, इथे पेटीच दिसत नाही, पोरं अभ्यासाचंच बोलतायत असं वाटलं पाहिजे. हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने फार पूर्वी लिहून ठेवलंय की एका गुलामाचं डोकं भादरून त्यावर निरोप गोंदवला, केस वाढू दिले आणि मग त्याला पाठवलं. फोटोत आपण हेच करतो, फक्त केस वाढायची वाट बघावी लागत नाही.

आता स्क्रीनवर बघा, गिरगाव चौपाटीचा फोटो आहे, मीच काढलाय. यातला प्रत्येक पिक्सेल म्हणजे तीन आकडे, लाल, हिरवा, निळा, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. वाळूतला हा एक पिक्सेल घ्या, ११८, १४२, १६७. मला यात मराठीतला 'क' लपवायचाय. कॉम्प्युटर 'क' साठवतो तीन बाइटमध्ये, म्हणजे २४ बिट, बिट म्हणजे नुसता ० किंवा १, आणि त्याची सुरुवात होते १, १, १, मग ०, ०, ० अशी. नियम सोपा, बिट १ असेल तर आकडा विषम ठेवायचा, ० असेल तर सम. म्हणजे ११८ चा ११९ झाला, १४२ चा १४३, आणि १६७ आधीच विषम आहे, त्याला हातही लावायचा नाही. असे आठ पिक्सेल झाले की एक 'क' आत बसला. १२ मेगापिक्सेलचा फोटो असेल तर १५ लाख अक्षरचिन्हं मावतात, आणि डोळ्याला शून्य फरक, कारण ११८ आणि ११९ मधला फरक माणसाला दिसतच नाही. याला एलएसबी, म्हणजे लीस्ट सिग्निफिकंट बिट, आकड्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा बिट बदलायची पद्धत म्हणतात, इंटरनेटवरचे निम्मे व्हिडिओ इथेच संपतात आणि मला त्याचाच त्रास होतो, कारण खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

डोळ्याला फसवणं सोपं आहे हो, मोजणाऱ्याला फसवणं अवघड. समजा मूळ फोटोत २०० हा आकडा ९०० वेळा आलाय आणि २०१ आलाय ६०० वेळा. तुम्ही फोटो काठोकाठ भरलात की काय होतं, २०० चे काही २०१ होतात, २०१ चे काही २०० होतात, आणि दोघंही ७५० च्या आसपास येऊन थांबतात. प्रत्येक जोडीत असंच. खऱ्या फोटोत अशा सगळ्या जोड्या सारख्या कधीच नसतात. १९९९ मध्ये वेस्टफेल्ड आणि फिट्झमन या संशोधकांनी नेमकं हेच पकडलं, निरोप काय आहे हे न वाचता निरोप आहे एवढं सांगता येतं, आणि स्टेगॅनोग्राफीत एवढं कळलं की खेळ खलास.

म्हणून मी सारखं सांगतो, टूल नंतर, फोटो आधी. मे महिन्यात दुपारी मरीन ड्राइव्हवर काढलेला फोटो, आभाळ पांढराफटक, सगळीकडे २५५, त्यात अधूनमधून २५४ दिसले की संपलंच. त्याऐवजी वाळू घ्या, फुलबाजारातले झेंडूचे ढीग घ्या, प्लॅटफॉर्मवरची गर्दी घ्या, जिथे शेजारचे दोन पिक्सेल मुळातच एकमेकांशी पटवून घेत नाहीत. आणि थोडंच भरा. नेटवरून डाउनलोड केलेला फोटो तर नकोच, मूळ फोटो कुणाकडे असेल तर दोन्ही शेजारी ठेवून वजाबाकी केली की सगळं उघडं. स्वतः काढा आणि मूळ डिलीट करा.

कमी बदलात जास्त लपवायची एक युक्ती आहे, मला ती फार आवडते. तीन आकडे घ्या. पहिला-दुसरा दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतील तर ०, वेगळे असतील तर १, हा झाला पहिला बिट, आणि दुसरा-तिसरा यांच्यावरून तसाच दुसरा बिट. आता पहिला बिट चुकतोय? पहिला आकडा बदला. दुसरा चुकतोय? तिसरा बदला. दोन्ही चुकतायत? फक्त मधला बदला, दोन्ही दुरुस्त! म्हणजे दोन बिट लपवायला फार तर एकच बदल. २००१ च्या एफ-५ या पद्धतीत हाच विचार आहे.

आता जेपेगचं, म्हणजे फोटो लहान करून साठवायच्या नेहमीच्या फॉरमॅटचं. पहिल्यांदा मी भावाला असा फोटो चॅटवर पाठवला, त्याने उघडला तर आत नुसता कचरा, मी तासभर माझ्या कोडमध्येच चूक शोधत बसलो. चूक कोडमध्ये नव्हती. ॲप फोटो पाठवताना परत कॉम्प्रेस करतं, जेपेगमध्ये फोटोचे ८ बाय ८ चे चौकोन पाडून त्यातले बारीक तपशील राउंड केले जातात, आणि आपला निरोप नेमका त्या बारकाव्यातच बसलेला असतो. तोच फोटो पीएनजी, म्हणजे एकही आकडा न बदलता साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये करून डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचला. जेपेगच वापरायचं असेल तर पिक्सेलमध्ये नाही, राउंड झाल्यानंतरच्या आकड्यांत लपवावं लागतं, एफ-५ तेच करतं.

मागून एका आजींनी विचारलंय की रोजच्या गुड मॉर्निंगच्या फोटोत असं काही असतं का. आजी, प्रोव्होस आणि हनीमन या संशोधकांनी २००१ मध्ये ईबे या लिलावाच्या वेबसाइटवरचे २० लाखांवर फोटो तपासले होते, एकातही लपवलेला निरोप सापडला नाही. उलट २०१० मध्ये अमेरिकेत रशियाचे हेर पकडले तेव्हा एफबीआयने सांगितलं की ते उघड वेबसाइटवरच्या फोटोंमधून निरोप पाठवत होते. म्हणजे वापर होतो, पण तुमच्या गुलाबाच्या फोटोत असेल असं मला वाटत नाही. आणि असलाच, तरी नुसता फोटो बघितल्याने तो बाहेर येत नाही, काढायला तसा प्रोग्राम लागतो, आणि पिक्सेल कुठल्या क्रमाने वाचायचे ते पासवर्डवर ठरवलेलं असेल तर तो पासवर्डही लागतो.