स्वमग्न मुलं काय सांगताहेत?

श्रोतेहो, नमस्कार.

म्हापशाहून पणजीला जाणाऱ्या बसमधल्या कंडक्टरची हाक आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेली आहे. ‘फाटीं वचात, फाटीं वचात!’ आता समजा, सात वर्षांचा एक स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, मुलगा जत्रेच्या गर्दीत हेच वाक्य, त्याच चालीत, पुन्हा पुन्हा म्हणू लागला. आजूबाजूची माणसं हसतात, आई ओशाळते. पण मुलगा अगदी नेमकं सांगतोय: मला ही गर्दी सोसत नाही, मागे सरका. स्वतःचं वाक्य जुळवणं त्याला त्या क्षणी जमत नाही, म्हणून गर्दीतच ऐकलेलं तयार वाक्य त्यानं काढलं.

ऐकलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणण्याला एकोलालिया म्हणतात. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं, त्यातही ही लकब आहे. काही मुलं ‘हो’ म्हणण्याऐवजी विचारलेला प्रश्नच परत म्हणत, हे त्यांनी तेव्हाच टिपलं होतं. तरीही पुढे कित्येक वर्षं ही निरर्थक पोपटपंची मानली गेली आणि ती बंद पाडणं यालाच उपचार समजलं गेलं. १९८०च्या दशकात वाचा-भाषातज्ज्ञ बॅरी प्रायझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांचं बोलणं प्रसंगासकट बारकाईनं तपासलं. मागणं, नकार, होकार, संभाषणात आपली पाळी घेणं, स्वतःला शांत करणं, असं बरंच काही त्या पुनरुक्तीतून चाललेलं असतं, हे त्यांनी दाखवलं.

म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वाक्य ऐकलंत की आधी ते कुठून आलं ते शोधा. ‘तुला पाणी हवंय?’ असं मूल तुम्हालाच विचारत असेल, तर तहान त्याला लागलेली आहे. पाणी येण्याआधी दर वेळी त्यानं हेच शब्द ऐकलेत. आपल्या भाषेत तर आणखी एक गंमत होते. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा ‘मी येते’, ‘मी जेवते’ म्हणतो आणि घरचे त्याला रागावतात. रागावू नका. ‘मी जेवतो’ असं त्याच्या बाजूनं, त्याच्या वतीनं सहज म्हणा आणि पुढे चला.

गोव्यातल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. घरात कोकणी, आजीशी मराठी, शाळेत इंग्रजी. मग मुलाचा गोंधळ होतो, तर एकच भाषा ठेवा, असा सल्ला पुष्कळ जण देतात, आणि ठेवायची भाषा बहुधा इंग्रजीच निघते. दोन भाषा ऐकत वाढलेली स्वमग्न मुलं एकच भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा त्यामुळे मागे पडत नाहीत, असं आजवरचा अभ्यास सांगतो. आई ज्या भाषेत लाड करते, रागावते, गोष्ट सांगते, ती भाषा मुलापासून काढून घेणं मला फार मोठं नुकसान वाटतं. डिचोलीच्या आजीनं नातवाशी मोडक्या इंग्रजीत का बोलावं?

मुलं मोठी झाली की अडचण बदलते. पंधरा वर्षांची मुलगी वाक्यं उत्तम बोलते, पण रायबंदर–चोडण फेरीबोटीबद्दल सांगू लागली की थांबत नाही. आवाज एकसुरी असतो, नजर दुसरीकडे असते. ‘किदें, जेवलें?’ असं शेजाऱ्यानं नुसतं विचारलं, तरी पानात काय काय होतं ते सगळं सांगते. वर्गातली मुलं तिला टाळतात. हा सगळा दोष तिचाच, असं आपण धरून चालतो. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक. त्यांनी २०१२ साली मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वमग्न माणसांनी एकमेकांना सांगत पुढे नेलेली गोष्ट, इतरांनी आपापसांत नेलेल्या गोष्टीइतकीच शाबूत राहिली. दोन वेगळे गट मिसळले, तेव्हा मात्र ती जास्त गळली. तेव्हा फेरीबोटीवर तिच्याशी बोला. दोन प्रश्न विचारा, तुमचाही एखादा अनुभव सांगा. संभाषणाचा सराव आवडत्या विषयावर जितका होतो, तितका ‘नमस्कार, कशी आहेस’ घोकून होत नाही.

चवथीला घर भरतं, फटाके वाजत असतात आणि चार काका एकदम चार प्रश्न विचारतात. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा: एका वेळी एकानंच विचारायचं, आणि मग मनात दहापर्यंत मोजायचं. उत्तर यायला तेवढा वेळ लागू शकतो. मधेच प्रश्न बदलून विचारला, तर मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि ज्यांच्या तोंडून शब्द येतच नाहीत, त्यांना चित्रांचे तक्ते द्या, टॅबलेट द्या. यामुळे मूल बोलायचं राहील ही भीती अभ्यासातून खरी ठरलेली नाही. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढलेलं दिसलं आहे. फोनवर टाईप करून उत्तर देणाऱ्या मुलाच्या हातातून ‘तोंडानं सांग’ म्हणत फोन काढून घेऊ नका. त्यानं लिहिलंय ते वाचा आणि त्याला उत्तर द्या.