भेंडीचं फूल, मिठाचं चांदणं

(जवळून: विळीवर भेंडी. कापल्याचा आवाज ठेवायचा.)

देठ काढायचा नाही, धरायला तोच लागतो. देठापासून दोन बोटं सोडून एकच काप. कापलेल्या तोंडाला चिकट येतं, ते फडक्यानं टिपून घ्यायचं, नाहीतर रंग घसरतो. पोस्टर कलर दह्याइतका घट्ट हवा. पातळ झाला की बियांचे कप्पे भरून जातात आणि फुलाऐवजी नुसता डाग उठतो.

(ठसा उमटतो. निवेदन नाही.)

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या या घराच्या सोप्यात फुलांची शुभेच्छापत्रं तयार होतात. घर एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेचं आहे. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. दुपारची भांडी झाली की शेजारच्या चौघीजणी येतात, सोबत एकीची सात वर्षांची मुलगी.

आधी कागद. ए-४ आकाराचा, ३०० जीएसएमचा म्हणजे जाडजूड, बोटाला खरखरीत लागणारा. तो उभा-आडवा हलकेच वाकवून बघायचा. जिकडून मुकाट वाकतो, घडी तिकडूनच घालायची. उलटी घातली तर पाठीवर कागद फुटतो. पट्टी धरून, संपलेल्या रिफिलनं रेघ दाबायची. झाली घडी.

आता जास्वंद. पाकळीचा आकार आधी नुसत्या पाण्यानं भरला आहे, म्हणून तो तिरक्या उजेडातच दिसतो. सहा नंबरच्या ब्रशचं टोक टेकलं, की लाल रंग पाणी असेल तिथवर धावतो आणि कडेला आपोआप थांबतो. ओल्यावर ओलं. कागदावरची चकाकी मावळायला लागली, की त्यावर मीठ. लवकर पडलं तर विरघळतं, उशिरा पडलं तर नुसतं बसून राहतं. ती वेळ घड्याळात नाही.

"चिमटीनं टाक गं," बाई म्हणतात, "आमटी न्हवं ही."

(मिठाचे खडे, अगदी जवळून. त्यांच्याभोवती रंग मागे सरतो. दहा सेकंद.)

मीठ आजूबाजूचं पाणी ओढतं, पाण्याबरोबर रंगही. वाळल्यावर खडे झटकले, की पाकळीवर चांदण्या राहतात.

कोल्हापूरला जलरंगांची सवय जुनी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार होते. रंकाळा आणि कोटितीर्थ या तळ्यांचा काठ त्यांनी पाण्याच्या रंगांत पुन्हा पुन्हा धरला. ते १९३१ साली गेले. त्यांची चित्रं टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत, आणि बाई दरवर्षी आपला वर्ग तिथं न्यायच्या. पोरं चपला हातात घेऊन चित्रांसमोर उभी राहायची, म्हणतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असं सगळं त्यांनी करून घेतलं. बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी शाळेत कुणी आलेलं नाही.

पुढचं फूल तगरीचं. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीनं काढलेलं, म्हणजे अजून काहीच दिसत नाही. वरून निळा हात फिरतो.

(फूल वर येतं. मुलीचा आवाज: "आई गं!")

शेवंतीला रंगीत पेन्सिली. फिकटापासून गडदाकडे, एकावर एक सहा-सात थर. जोर शेवटच्या थराला. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टर्पेंटाइन घेऊन पुसलं, की पेन्सिलीच्या रेघा मोडतात आणि पाकळी मऊ दिसायला लागते. हे काम सर्वांत रटाळ. आमच्या कॅमेरामनला इथं चक्क डुलकी लागली होती.

आणि ही गोकर्ण. मूठभर फुलं गरम पाण्यात, पाणी गडद निळं. एका वाटीत लिंबू पिळलं, जांभळ्यावरून गुलाबी. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा, हिरवट. फुलातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याला आंबट लागलं की एक रंग, सोडा लागला की दुसरा. एकाच वेलीच्या फुलांतून तीन वाट्या, आणि तिन्ही एका कार्डावर. उन्हात हा रंग उडतो, कार्ड पाकिटात ठेवावं लागतं.

एक कार्ड पन्नास रुपयांना जातं. दिवाळीच्या एका मोठ्या ऑर्डरचे पैसे यायचेत.

कार्डाची आतली बाजू कोरी असते. तिथं काही छापायला बाईंची सक्त मनाई आहे. ज्यानं घेतलं त्यानं आपल्या हातानं लिहावं, अक्षर कसंही असो.

(सोप्यात दोरीवर, चिमट्यांना कार्डं. मागं पंख्याची घरघर.)

संध्याकाळी सामान आवरताना मुलगी उरलेली भेंडी घेऊन आली, आणि कुणी काही म्हणायच्या आत कॅमेऱ्याच्या काळ्या बॅगेवर तिनं एक पिवळा ठसा मारला.

बॅग आम्ही पुसलेली नाही.