पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत दाखला काढायला गेलेल्या माणसाला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात या’. या वाक्याला कायद्यात उत्तर आहे आणि त्याचे नाव महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. त्या वर्षी 28 एप्रिलला तो अध्यादेशाच्या रूपाने लागू झाला आणि पुढे विधिमंडळाने त्याचा कायदा केला. शासनाने अधिसूचित केलेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा पात्र व्यक्तीचा हक्क आहे आणि ती देणे हे पदनिर्देशित अधिकाऱ्याचे, म्हणजे त्या सेवेसाठी नेमून दिलेल्या अधिकाऱ्याचे, कर्तव्य आहे, असे हा कायदा सांगतो. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणत्या अधिकाऱ्याकडून आणि अपील कोणाकडे, हे कार्यालयाने सूचना फलकावर लावणेही बंधनकारक आहे. मात्र या साऱ्याची सुरुवात एका कागदापासून होते, तो म्हणजे अर्जाची पोचपावती. पुन्हा सांगतो, पोचपावती.

आमच्या वसाहतीत बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कायदा नवा होता तेव्हा नातीच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांना उत्पन्नाचा दाखला हवा होता. ते ज्या कार्यालयात गेले त्याचे नाव मी सांगणार नाही. रांगेत तासभर उभे राहून त्यांचा नंबर आला, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितले, “ठेवा इथे आणि पुढच्या आठवड्यात फेरी मारा.”

अण्णांनी कागद पुढे सरकवले, पण त्यावरचा हात काढला नाही. म्हणाले, “पावती?”

“पावती कसली? मी काय कागद खाणार आहे का तुमचे?”

“साहेब, जन्म गाडीवर गेला माझा. पैसे हातात आले की आधी तिकीट फाडायचं, मगच घंटी मारायची. तिकीट न देता पैसे घेतले असते, तर तपासनीसानं घरी बसवलं असतं मला.”

मागची रांग आधी कुरकुरली. पण डब्याची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी आवाज दिला, “द्या की हो त्यांना, मलाही हवीय!” आणि रांगेची बाजू बदलली. कारकून म्हणाला, छापील पावतीपुस्तक आलेले नाही. अण्णांनी शांतपणे अर्जाची दुसरी प्रत काढली आणि त्यावर शिक्का, तारीख आणि सही मागितली. ती मिळाल्यावर त्यांनी विचारले, दाखला किती दिवसांत? उत्तर आले, फलकावर वाचा. फलक होता लोखंडी कपाटामागे. शिपायाने कपाट हातभर सरकवले, तेव्हा त्यावर दिसले ‘उत्पन्नाचा दाखला, 15 दिवस’, आणि त्यासमोर बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव. अण्णांनी तेही उतरवून घेतले.

मुदत संपली आणि दाखला आला नाही. अण्णा भांडायला गेले नाहीत. त्यांनी प्रथम अपील केले. सुनावणीत कारकुनाने सांगितले की असा अर्ज आलेलाच नाही, आणि आवक नोंदवही उघडली तर खरोखरच त्यात नोंद नव्हती. अपील अधिकाऱ्यांनी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी शिक्क्याची प्रत टेबलावर ठेवली आणि एवढेच म्हणाले, “हे माझं तिकीट.” मूळ अर्ज त्याच दिवशी दुसऱ्याच एका गठ्ठ्यात सापडला आणि आठवडा उलटण्यापूर्वी दाखला नातीच्या हातात पडला.

ही गोष्ट मी जिथे तिथे सांगत असतो, कारण नोंदवहीत नोंद नसताना हक्क टिकला तो त्या एका शिक्क्यावर. आता ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज केला की क्रमांक आपोआप मिळतो आणि अर्ज कुठवर आला हेही कळते. मात्र खिडकीवर अर्ज देणाऱ्यालाही क्रमांक आणि तारखेसह पोच मिळालीच पाहिजे. मुदत मोजली जाते ती सर्व आवश्यक कागदपत्रांसह अर्ज मिळाल्यापासून, म्हणून यादी आधीच तपासून घ्यावी.

कागदपत्रांवरून एक सांगावेसे वाटते. जात, उत्पन्न, वास्तव्य अशा दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क राज्यात 2004 पासून माफ आहे, आणि स्वयंघोषणापत्र व स्वयंसाक्षांकित, म्हणजे अर्जदाराने स्वतःच सही केलेल्या, प्रती स्वीकाराव्यात असा शासन निर्णय 9 मार्च 2015 चा आहे. तरीही कार्यालयाबाहेर छत्री लावून बसलेला माणूस स्टॅम्प पेपर हवाच म्हणून सांगतो, आणि आपण बिचारे घेतोही. माझे तर मत असे आहे की हा निर्णय मोठ्या अक्षरांत त्या छत्रीशेजारीच लावावा. आणि विरार किंवा कल्याणहून कामाला येणाऱ्या माणसासाठी आठवड्यातून एक दिवस तरी खिडकी रात्री आठपर्यंत उघडी असावी. अर्धी रजा घालवून मिळणाऱ्या हक्काला हक्क म्हणायला जीभ रेटत नाही.

आता मुदतींकडे वळू. सेवा वेळेत मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करावे. तिथे समाधान न झाल्यास पुन्हा 30 दिवसांच्या आत द्वितीय अपील, आणि त्यानंतर 60 दिवसांच्या आत राज्य सेवा हक्क आयोगाकडे अपील करता येते. तीस, तीस आणि साठ. पुरेशा कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, होऊ शकते. याशिवाय, लोक ज्याला ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात त्यानुसार, एका कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये.

अर्ज फेटाळायचा असेल तर कारण लेखी द्यावे लागते; तोंडी ‘होणार नाही’ला काही अर्थ नाही. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हेही त्याच पत्रात लिहिलेले असले पाहिजे. ते लिहिलेले नसेल, तर अपिलाच्या पहिल्याच ओळीत तेवढे नमूद करावे आणि सोबत पोचपावतीची प्रत जोडावी. मूळ पोच मात्र कोणी कितीही मागितली तरी हातातून सोडू नये.

नमस्कार.