डाळ आधी शिजू द्या

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘घरचा स्वयंपाक आणि लेखन’. या दोन्हींत साम्य आहे असं पुष्कळजण म्हणतात आणि ‘दोन्हीला चव लागते’ इथं येऊन थांबतात. मला त्याच्या पुढं जायचंय. माझं म्हणणं असं, की ही दोन्ही कामं क्रमावर उभी आहेत. जिन्नस तेच, प्रमाण तेच, पण एखादी गोष्ट वेळेआधी पडली की पुढचं सगळं बिघडतं. हे दाखवायला एकच पदार्थ पुरे, पुरणपोळी.

आधी डाळ. एक वाटी हरभराडाळ धुऊन तास-दीड तास भिजवायची. तिप्पट पाणी, चमचाभर तेल, चिमूटभर हळद. दाणा बोटांत धरून दाबला की कणी न लागता चुरडला पाहिजे. वरून अख्खा दिसला तरी हरकत नाही. खरी घाई इथं होते. डाळ ‘जवळजवळ’ शिजलीय, गूळ घालून टाकू, उरलेली त्यात शिजेल! नाही शिजत. गुळातली साखर आणि कॅल्शियम दाण्याचं मऊ होणं रोखून धरतात. मग तासभर ढवळत बसा, कणी तशीच राहते. चिंचेचंही तेच. आमटीला आंबट लवकर घातलं की डाळ ताठ राहते, म्हणून चिंच नेहमी डाळ शिजल्यावर.

डाळ चाळणीवर पूर्ण निथळली, की तेवढाच वाटीभर चिरलेला गूळ. आता माझी जुनी तक्रार. पाककृतींत लिहितात, ‘मध्यम आचेवर दहा मिनिटं आटवा.’ कुणाची मध्यम आच? कढई ॲल्युमिनियमची की जाड बुडाची? गूळ साधा की चिक्कीचा? चिक्कीच्या गुळाचं पुरण गार झालं की चिवट होतं, हेही कुणी लिहीत नाही. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, आणि वाटी-चमच्याच्या मापांनी कितीतरी नवख्या हातांना धीर दिला. ते मोठंच काम आहे. पण वाटी सांगते किती घ्यायचं. कधी थांबायचं ते कढईच सांगते, आणि लिहिणाऱ्यानं ती खूण लिहायला हवी.

पुरणाच्या खुणा ठरलेल्या आहेत. गूळ पडला की मिश्रण आधी पातळ होतं. इथं माणसं घाबरतात, आच वाढवतात आणि बूड लागतं. धीर धरून ढवळत राहिलं की ते हळूहळू आळतं, जड बुडबुडे येतात, कडा सुटतात आणि शेवटी उलथणं मधोमध उभं राहतं. त्याआधी उतरवलं तर पोळी लाटताना कडेनं फुटते. फार आटवलं तर गार होऊन भुगा होतो, मग दोन-तीन चमचे दूध शिंपडून पुन्हा गरम करावं लागतं. वेलदोडा-जायफळ उतरवल्यावरच, कारण त्यांचा वास आचेवर उडून जातो. आणि वाटायचं गरम असतानाच.

पुरणयंत्र कुणाकुणाकडे आहे? हात वर करा. बरेच आहेत! आणि ते माळ्यावरून शेवटचं खाली कधी उतरलं? (हशा) असू द्या, मिक्सरही चालतो, फक्त गार पुरणाला दोघंही दाद देत नाहीत.

आता कणीक. बारीक दळलेलं पीठ, चिमूट मीठ, सैलसर भिजवायचं, तेलाचा हात लावून तिंबायचं आणि दोन तास झाकून ठेवायचं. त्या वेळात ताण निघून जातो, नाहीतर लाटलेली पोळी मागे आकसते. पुरण कणकेच्या दुप्पट घ्या. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सारखीच मऊ हवीत. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर लाटण्याखाली पुरण आवरण फाडून बाहेर येतं. खानदेशात उलट्या खापरावर मांडे भाजतात, कोकणात पोळीबरोबर नारळाचं दूध घेतात, पण मऊपणा जुळवण्याला कुठंच सूट नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, म्हणून लेखनाचं थोडक्यात सांगते.

डाळ म्हणजे लिहिण्याचा ऐवज. काय घडलं, कुणी केलं, कशानं, हे पुरतं कळायच्या आत शैलीचा गूळ घालू नका. एकदा वाक्य गोड झालं की त्यातली कच्ची कणी शोधायला मन तयार होत नाही. पहिला खर्डा सपाट, कोरड्या वाक्यांत लिहा. जिथं ‘एकूणच’, ‘कुठेतरी’, ‘एक प्रकारे’ असे शब्द येतात तिथं बोट दाबून बघा, तिथं माहिती शिजलेली नसते.

आटवण्याचं उदाहरण देते. ‘अतिशय थंडगार अशा पहाटेच्या प्रसन्न वातावरणात आजी लवकर उठून अंगणामध्ये सडा घालत होती.’ पहाट म्हटलं की ‘लवकर’ नको. सडा म्हटलं की अंगण आलंच. ‘प्रसन्न’ हे आजीचं की लिहिणाऱ्याचं, ते ठाऊक नाही. उरतं, ‘पहाटे थंडीत आजी सडा घालत होती.’ यापुढं छाटलं आणि थंडी गेली, तर आजीचे ओले हात गेले. इथं थांबायचं. विशेषण घालायचंच असेल तर ते अगदी शेवटी, जायफळासारखं.

खर्डा दोन दिवस झाकून ठेवा, मग मोठ्यानं वाचा. श्वास तुटतो तिथं वाक्याला ऐवज पेलत नाहीये. आकडे आणि नावं दाटली असतील तर एकाची दोन वाक्यं करा.

आणि पुरणाच्या डाळीचा कट फेकू नका. निथळलेल्या पाण्यात गोडा मसाला, चिंच-गूळ, भाजून वाटलेलं खोबरं-जिरं घातलं की आमटी होते, ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. लेखातून काढलेले परिच्छेद वेगळ्या वहीत उतरवा, पण कोणत्या लेखातले आणि का काढले, हे शेजारी नक्की लिहा. नाहीतर दोन महिन्यांनी ते वाचून काहीच उमगत नाही. आता प्रश्न घेऊ या, मागच्या रांगेपासून.