भुलेच्या औषधांचं दुसरं काम

श्रोतेहो, नमस्कार.

खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी. ऑपरेशन छान झालं, संध्याकाळी चहा घेतला, सुनेशी बोलल्या. दुसऱ्या रात्री मात्र सलाइनची नळी उपसून काढली आणि पोटच्या मुलाला विचारलं, "तू कोण रे?" मी भूलतज्ज्ञ आहे. अशा वेळी नातेवाईक मला गाठतात, पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, भूल जास्त झाली का?"

गावाकडे याला 'वात झाला' म्हणतात, आम्ही डिलिरियम म्हणतो. त्याची कारणं अनेक, पण मेंदूतल्या दाहाचा त्यात मोठा वाटा असावा, असं आता वाटू लागलंय. हाड मोडलं, वर ऑपरेशनचा छेद बसला, की शरीर तिथे दाह सुरू करतं. जखम भरायला तो लागतोच. पण त्यातली सायटोकाइन नावाची प्रथिनं रक्तातून फिरतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा उतारवयात झिरपू लागतो. आत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी त्या १९१९ साली ओळखल्या. एरवी त्या मेंदूतला केरकचरा उचलतात. ती प्रथिनं आत शिरून त्या चवताळल्या, की शेजारच्या धडधाकट चेतापेशींनाही सोडत नाहीत.

भुलेची काही औषधं या राखणदार पेशींना शांत करतात का? दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल, हुंगवून देतात ते सेव्होफ्लुरेन, दोन्ही उंदरांवरच्या प्रयोगांत दाह कमी करताना दिसली आहेत. माझी खरी आशा आहे डेक्समेडेटोमिडीनवर. मेंदूच्या देठात नॉरअॅड्रेनलिन हे जागं ठेवणारं रसायन सोडणारं एक केंद्र आहे, ते हे औषध निववतं. येणारी झोप नेहमीच्या झोपेच्या पुष्कळ जवळची. खांद्याला हात लावून "आजी, दुखतंय का?" विचारलं तर डोळे उघडतात, "थोडं" म्हणतात आणि पुन्हा झोपतात.

२०१६ साली बीजिंगच्या डॉक्टरांनी ऑपरेशननंतर आयसीयूत आलेल्या, पासष्टी गाठलेल्या ७०० पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना रात्रभर हे औषध अगदी थोडं दिलं. औषध न मिळालेल्यांत २३ टक्क्यांना डिलिरियम झाला, मिळालेल्यांत ९ टक्क्यांना. ते आकडे वाचून मला फार आनंद झाला होता. पण २०२० साली अमेरिकेत हृदयाच्या ऑपरेशनांमध्ये हेच औषध वापरलं, तेव्हा फायदा दिसला नाही. केटामीन या भुलेच्या दुसऱ्या औषधाचंही तसंच: २०१७च्या मोठ्या अभ्यासात डिलिरियम कमी झाला नाही, उलट भास आणि वाईट स्वप्नं वाढली.

उंदीर तरणाताठा असतो. आजींना मधुमेह, ब्लड प्रेशर, कानांनी ऐकू कमी येणं, घरापासून दूर परकी खोली. एका औषधाने हे सगळं कसं सावरणार? शिवाय डेक्समेडेटोमिडीनने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. मी ते पेशंट पाहून, थेंब मोजून देते, सरसकट नाही.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तपासायला येईन, तेव्हा सांगा: हल्ली विसरायला होतंय का, झोपेची गोळी चालू आहे का, दारूची सवय आहे का. संकोच करू नका, त्यावर माझी औषधं ठरतात. आणि चष्मा, कानाचं यंत्र, कवळी घरी ठेवून येऊ नका. आजी शुद्धीवर आल्या, की मी आधी तेच मागणार आहे.