हक्क सुटले, मढी मोकाट सुटली

पेन्सिल्व्हेनियातल्या एव्हान्स सिटीची दफनभूमी. बहीण-भाऊ वडिलांच्या कबरीवर पुष्पचक्र वाहायला आलेत. भाऊ थट्टेत बहिणीला घाबरवतोय. पलीकडून एक माणूस अडखळत येतो, आणि बघता बघता भाऊ जिवानिशी जातो.

1968 चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, म्हणजे उठून चालणाऱ्या मढ्यांचा, झोंबींचा सिनेमा. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्याचे सोबती पिट्सबर्गमध्ये जाहिराती करायचे. आपापसात वर्गणी काढून सुरुवात झाली, आणि सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये सिनेमा उरकला. कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप खपून गेलं. मढी जे ओरबाडून खातात ते मांस मात्र खरं. पैसे घालणाऱ्यांपैकी एकाचा मांसाचाच धंदा होता!

त्याआधीचे पडद्यावरचे झोंबी बहुतेक हैतीच्या जादूटोण्यातले, कुणातरी मांत्रिकाचे गुलाम. रोमेरोची मढी कुणाची चाकर नाहीत. माणूस खातात, आणि मेंदूवर घाव बसला तरच थांबतात.

पण हादरवतो तो शेवट. फार्महाउसमध्ये रात्रभर तग धरणारा बेन साकारलाय ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने. ऑडिशन उत्तम दिली म्हणून घेतलं, असं रोमेरो सांगायचा. सकाळी मढी टिपत गोऱ्या बंदूकधाऱ्यांची टोळी येते. खिडकीतला बेन त्यांना मढंच वाटतो. एक गोळी, संपलं. मग नुसते खरबरीत फोटो: हातात मांस टांगायचे लोखंडी आकडे घेतलेली माणसं, बेनचं प्रेत, लाकडांचा ढीग. सिनेमा लागला तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला सहा महिनेही झाले नव्हते. प्रेक्षकाला वेगळं काही समजावून सांगायची गरज होती का?

आता त्या गाजलेल्या घोळाकडे. वितरकाने सिनेमाचं नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने तेवढ्यावर हक्क गेले. मग काय, ज्याच्या हाती प्रिंट लागली त्याने ती दाखवली, कॅसेटवर विकली. करणाऱ्यांचं नुकसान झालंच, पण सिनेमा घराघरात पोचला तो यामुळेच, असं आम्हाला वाटतं.

1978 मध्ये खुद्द रोमेरोने मढी मॉलमध्ये सोडली. 2013 मध्ये ‘गो गोवा गॉन’मधून ती गोव्यात उतरली, आणि 2022 मध्ये ‘झोंबिवली’मधून थेट डोंबिवलीत. सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्यांना त्या गर्दीचं फारसं नवल वाटलं नसावं.