मक्का मशिदीतलं दगडी बाकडं

श्रोतेहो, नमस्कार.

परभणी-नांदेडकडच्या माणसाला हैदराबाद परकं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबादच्या निजामाच्याच राजवटीत होतो. आजही मोठा दवाखाना म्हटला की आपल्यातले कितीतरी जण हैदराबादची गाडी धरतात. तिथं गेलं की चारमिनार बघतात, लाड बाजारात बांगड्या घेतात, आणि हाकेच्या अंतरावरची मक्का मशीद मात्र बाहेरूनच बघून परततात. विचारलं तर म्हणतात, "आपल्याला आत सोडतात व्हय?" सोडतात. फक्त नमाजाची वेळ टाळायची.

कुतुबशाहीत १६१७ च्या सुमारास तिचं काम सुरू झालं आणि १६९४ साली औरंगजेबाच्या काळात संपलं. तावेर्निये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्यानं ते काम चालू असताना पाहिलं होतं. त्यानं लिहून ठेवलंय, की एका प्रचंड शिळेसाठी पाच-सहाशे माणसं पाच वर्षं खाणीत खपत होती, आणि ती शिळा ओढायला १४०० बैल लागले. चौदाशे बैल, श्रोतेहो! त्यांना रोज कडबा किती लागला असेल, तेवढं तावेर्नियेला सुचलं नाही. शेतकरी नव्हता ना तो.

तर आमच्या काकूची गोष्ट. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आदल्या दिवशी रिकामा वेळ होता, म्हणून मी दोघांना मशिदीत नेलं. काकूनं चपला काढल्या, डोक्यावरचा पदर नीट केला. चपला काढायच्या, डोकं झाकायचं, हे तिला सांगावं लागलं नाही. उन्हाचे दिवस होते, अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली. उड्या मारतच आम्ही हौदाजवळ आलो. तिथं दगडी बाकडी आहेत. काकू टेकणार, तेवढ्यात कबुतरांचे दाणे विकणारा म्हातारा हसून म्हणाला, "बैठो अम्मा, बैठो. यां जो बैठता, वो फिर हैदराबाद आता कते."

काकू अर्ध्यातूनच उठली. "आव माय! पुन्हा यायचं? पुन्हा दवाखान्यात? मला नाई बसायचं!"

म्हाताऱ्याला कळेना, बाई एवढी का दचकली. मी समजावलं, की हा चांगला आशीर्वाद आहे. ती म्हणाली, "आशीर्वाद असू दे, खर्च कोण करतंय?" आणि तशीच उभी राहिली, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मग तिनं मागं वळून पाहिलं. काका केव्हाचे दुसऱ्या बाकड्यावर मांडी घालून बसलेले, वर म्हाताऱ्याकडून दाणेही घेतलेले!

दाण्यांवरून सांगतो, कबुतरांना असं खाऊ घालणं मला पटत नाही. आपण पुण्य घेऊन घरी जातो आणि विष्ठा त्या जुन्या दगडावर राहते. आपल्याकडच्या देवळांतही हेच चाललंय. असो.

पुढच्या वर्षी काकांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं होतं. काकू मात्र आजही सगळ्यांना सांगते, "ते बसले बाकड्यावर, म्हणून!"

मशिदीच्या आवारात निजामांच्या कबरी आहेत, त्याही बघा. पहिला निजाम मात्र तिथं नाही. तो आपल्या खुलताबादला आहे, आणि मशीद पुरी करणारा औरंगजेबही तिथंच. हैदराबाद लांब पडत असेल तर छत्रपती संभाजीनगरची जामा मशीद बघा, १६१२ सालची, मलिक अंबरानं बांधलेली. तिथंही तेच, अंगभर कपडे, चपला बाहेर, नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचं नाही, फोटो विचारून काढायचा. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. पुन्हा सांगतो, शुक्रवारची दुपार सोडून जा. आणि उन्हाळ्यात पायात मोजे राहू द्या.